मोसंबी काढायचीय, कमी पाण्यावर काय लावू?

विहीरकाठ: दीड एकर मोसंबी. मध्यम काळी जमीन, दोन-अडीच फुटांखाली मुरूम. उन्हाळा लागला की विहीर तळाला जाते. ठिबक आहे. डाळिंब, सीताफळ, बोर, आवळा यांपैकी काय घेऊ? सगळी बाग एकदम काढू का?

मुरमाड: डाळिंब आधी खोडा. झाड तग धरतं, माल नाही. ताणानंतर एकदम पाणी मिळालं की दाणे फुगतात, साल तेवढी ताणत नाही आणि फळ तडकतं. ऐन उन्हाळ्यात अंगावर फळ नसेल असंच झाड बघा. सीताफळ तेव्हा पानं गाळून बसतं आणि पावसावर फुटतं. फक्त पाणी आलं म्हणून उन्हाळी बहार धरू नका (म्हणजे पाणी देऊन झाड फुलवू नका), कोरड्या गरम हवेत फुलं वाळून गळतात.

हिशोब असा: 5×5 मीटरवर एकरी 160 झाडं. पहिले दोन उन्हाळे झाडाला आठवड्याला 20 लिटर धरा, म्हणजे 3200 लिटर. एवढं तर मोसंबीची पाच-सहा मोठी झाडंच पितात. म्हणून अर्धीच बाग काढा, तिचं पाणी नव्या रोपांना पुरून उरेल.

बोरीबाभळी: मुरूम आहे तर बोर सोडू नका, पण पिशवीतली कलमं नकोत. सोटमूळ पिशवीत गुंडाळतं, मग ते खोल जातच नाही, आणि बोराची सगळी ताकद त्या मुळात. गावठी बोराच्या बिया मिठाच्या पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. बुडालेल्या धुऊन खड्ड्यातच दोन-तीन लावा. जोमदार रोप ठेवून बाकीची कापा. खोड पेन्सिलीएवढं झालं की जागेवरच चांगल्या जातीच्या बोराचा डोळा (फांदीवरची कळी) त्यावर भरा. अंतर 6×6. पुढे दरवर्षी एप्रिल-मेमध्ये छाटणी. फळमाशीसाठी पडकी फळं रोज वेचून पुरा.

आवळा घ्यायचाच तर दोन-तीन जाती मिसळून. एकट्या जातीला फळ नीट धरत नाही.

विहीरकाठ: जुन्या आळ्यातच खड्डे घेतले तर?

मुरमाड: नको दादा. कुजणाऱ्या मुळ्यांवर वाळवी आणि मूळकुजीची बुरशी दोन्ही पोसतात. दोन जुन्या ओळींच्या मधोमध 60×60×60 सेंटिमीटरचे खड्डे घ्या, महिनाभर तापू द्या. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर तिथे सीताफळ नको, किंवा गादीवाफ्यावर लावा.