मदत हवी आहे: खाऱ्या हवेत तरंगता ट्रेमोलो आणि व्हॉल्व्हचा अँप टिकेल का?

नमस्कार. मी मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि बऱ्याच वर्षांनी नवी इलेक्ट्रिक गिटार घेणार आहे.

गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्या पसंतीने घडलेली आयबानेझ कंपनीची जेम ही गिटार १९८७ साली आली. शाळेत असताना तिचे चित्र पाहिले तेव्हापासून ती मनात घर करून आहे. परंतु तिचा तरंगता ट्रेमोलो (दांडीने हलवून तारांचा सूर चढवता-उतरवता येणारा ब्रिज, म्हणजे तारा जिथे टेकतात तो भाग) म्हणजे बारीक स्क्रू आणि स्प्रिंगा यांचा नाजूक मेळ, आणि माझ्या जुन्या गिटारच्या तशाच ब्रिजवर गेल्या पावसाळ्यात इतका गंज चढला की ॲलन की फिरवताच स्क्रूची खाच झिजली. तारांवरून बोटे फिरवली तरी तांबूस डाग पडत. दुसरा पर्याय गिटारवादक जॉन मेयर यांच्या सिल्व्हर स्काय या गिटारची २०२२ साली आलेली, तुलनेने स्वस्त एसई आवृत्ती हा आहे. तिचा ट्रेमोलो साधा असल्याने व्यवहार तिच्या बाजूने आहे, मन मात्र जेमकडेच धावते.

अँपचा प्रश्न अधिक कठीण आहे. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्यासाठी पीव्ही कंपनीने १९९२ मध्ये आणलेल्या ५१५० या अँपच्या घराण्यातला, कमी वॅटचा व्हॉल्व्ह अँप (निर्वात नळ्यांवर चालणारा ध्वनिवर्धक) मला हवा आहे. पण आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी विजेचा दाब वारंवार उतरतो.

रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला भागात अशी वाद्ये वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे: ब्रिजला कोणते तेल लावता, पेटीत सिलिका जेल किती दिवसांनी बदलता आणि व्हॉल्व्हच्या अँपला स्टॅबिलायझर पुरतो का?