उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो. खत दिसतं का?

सागरवेडा:
शेतांतून आणि सांडपाण्यातून वाहून येणारं नत्र-स्फुरद किनाऱ्याच्या पाण्याचा जीव घेतंय. युरोपच्या सेंटिनेल-3 मोहिमेचे दोन उपग्रह दर एक-दोन दिवसांनी 300 मीटरच्या तपशिलाने किनारा टिपतात, तोही डेटा फुकट. मग नदीखोऱ्यातल्या खतवापराचे नियम या नकाशांवरूनच का ठरवू नयेत? दंडसुद्धा.

गाळमाती:
दंडाला माझा ठाम विरोध. नायट्रेटला, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नत्राला, रंग नसतो. उपग्रहाला दिसतं ते खतावर माजलेल्या शैवालातलं हरितद्रव्य. नदीमुखाशी गाळ असतो, कुजलेल्या पाल्याचा पिवळट रंग असतो. निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या तुलनेवरून हरितद्रव्य मोजायचं, खुल्या समुद्रासाठी बसवलेलं गणित तिथे हरितद्रव्य फुगवून दाखवतं. आणि मासे गुदमरतात ते तळाशी, कारण मेलेलं शैवाल तिथे कुजताना प्राणवायू संपवतं. मेक्सिकोच्या आखातात 2017 साली प्राणवायू आटलेला पट्टा सुमारे 22,730 चौरस किलोमीटर भरला. तो आकडा आला जहाजावरून तळापर्यंत उपकरणं सोडून. वरून फोटो काढून तो मिळाला नसता.

सागरवेडा:
रंग नाही, मान्य. पण वेळ जुळते त्याचं काय? मेक्सिकोतल्या याकी खोऱ्यात गव्हाला खत घालून पाणी दिलं की काही दिवसांतच कॅलिफोर्नियाच्या आखातात शैवालाचा बहर यायचा. 1998 ते 2002 मधल्या सीविफ्स या उपग्रहावरच्या, समुद्राचा रंग टिपणाऱ्या उपकरणाच्या चित्रांत ते पुन्हा पुन्हा दिसलं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे हे.

गाळमाती:
याकी म्हणजे कोरडा मुलूख, मुख्य पीक एक, पाणी सोडायचे दिवस जवळपास ठरलेले. म्हणून धागा सापडला. मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात अमेरिकेतल्या 31 राज्यांचं पाणी येतं, त्यात शहरांचं मैलापाणीही. समुद्रातला हिरवा डाग बघून कुणाच्या बांधावर जाणार तुम्ही? चुकीच्या शेतकऱ्याला दंड झाला, तर पुढे खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

नमुनेवाली:
होडीतून पाण्याचे नमुने घेण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून बोलते. मुसळधार पावसात सगळ्यात जास्त खत वाहून येतं आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं. उपग्रह आंधळा. 2024 मध्ये सोडलेला नासाचा पेस उपग्रह शेकडो रंगछटा वेगळ्या करतो, शैवालाचे प्रकार ओळखायला त्याची मोठी मदत होईल. नायट्रेट मात्र त्यालाही थेट दिसत नाही. तरी मला उपग्रह हवाच आहे, कारण ढग फाटले की होडी कुठे न्यायची हे तो सांगतो. पूर्वी आम्ही अंदाजाने जायचो आणि बहर दुसरीकडेच असायचा.

सागरवेडा:
ठीक, दंडाचा आग्रह सोडतो. पण नकाशे दर आठवड्याला लोकांसमोर यायलाच हवेत. नदीकाठच्या माणसाला आपलं पाणी कुठे जातं ते दिसू दे.

गाळमाती:
ढगांमुळे कोरे गेलेले दिवसही दाखवणार का? नाहीतर कोरी जागा बघून लोक पाणी स्वच्छ आहे असं समजतील.

सागरवेडा:
दाखवायचे. करड्या रंगात, आणि नमुनेवालींच्या बाटल्यांचे आकडे त्याच नकाशावर.