चांगली चालणारी पेट्रोल गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यावी का?

प्रश्न: गाडी नऊ वर्षांची, इंजिन अजून ठणठणीत. मुलगी रोज मागे लागते, "बाबा, धूर सोडणं थांबवा." पण बॅटरी बनवतानाच भरपूर कार्बन बाहेर पडतो, वर वीज कोळशाची. खरंच फरक पडतो का?

उत्तर: मी दोन्ही प्रकारच्या गाड्या दुरुस्त करतो. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. १०० किलोमीटरला ६ लिटर धरा, १४ किलो झाले. तेल उपसणं, शुद्ध करणं वेगळंच. इलेक्ट्रिकला तेवढ्यासाठी साधारण १५ युनिट. वीज निव्वळ कोळशाची असेल तर युनिटमागे किलोभर, म्हणजे जवळपास बरोबरी. पण त्यात पाणी, ऊन, वारा मिसळला की आकडा उतरतो. पेट्रोलचा उतरत नाही. बॉनेट उघडल्यावर तोंडावर येते ना ती झळ, ते वाया गेलेलं पेट्रोल!

दुसरं उत्तर: बॅटरी बनवताना सुटलेल्या कार्बनचं कर्ज फिटायला हजारो किलोमीटर लागतात. गाडी महिन्यातून दोनदाच निघत असेल तर जुनीच वापरा. आणि बऱ्याच बॅटऱ्यांत लागणाऱ्या कोबाल्ट धातूसाठी काँगोतल्या खाणींत माणसं काय सोसतात, तेही विसरू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट नसतो.

प्रश्नकर्ता: रोज ७० किलोमीटर होतात.

पहिले उत्तरदाते: मग घ्याच. मोटरच वेग आवरते, त्यामुळे ब्रेक पॅड कमी झिजतात, त्यांची काळी भुकटी कमी उडते. वजनामुळे टायर मात्र लवकर जातात. हवेचा दाब दर पंधरवड्याला तपासा.