मदत हवी आहे: लिसनर चालू, तरी ॲप जोडंना (ओरॅकल)

शिरोलीचा_पोऱ्या: ओरॅकल डेटाबेसच्या सर्व्हरवर नवा लिसनर (ॲपला डेटाबेसशी जोडून देणारा प्रोग्राम) केला, नाव 'फौंड्री'. स्टेटस एकदम व्यवस्थित, पण ॲप जोडंना. मालक दर दहा मिनिटांनी केबिनबाहेर येऊन बघून जातायत. लवकर सांगा.

जुना_डीबीए: एरर नंबर? व्हर्जन? पोर्ट? आणि स्टेटस बघताना पुढं लिसनरचं नाव टाकलंस का?

शिरोलीचा_पोऱ्या: नाव कशाला? एरर १२५१४. व्हर्जन १९. पोर्ट १५२२, कारण १५२१ वर जुना लिसनर आहेच.

जुना_डीबीए: मग जुन्याचीच तब्येत बघतोयस! नाव दिलं नाही तर डिफॉल्ट 'लिसनर'चं स्टेटस येतं. 'स्टेटस फौंड्री' असं मार.

रंकाळाकाठी: फायरवॉल बंद करा. आमच्याकडं तेच निघालं.

जुना_डीबीए: फायरवॉल आडवा असता तर १२५१४ आलाच नसता. तो लिसनर स्वतः देतो: पोचलास, पण या नावाची सर्व्हिस (म्हणजे डेटाबेस) मला ठाऊक नाही.

उद्यमनगरी: पोस्टग्रेस डेटाबेसवर या. लायसनचा ताप नाही.

शिरोलीचा_पोऱ्या: दादा, ईआरपी (कंपनीचं कामकाजाचं सॉफ्टवेअर) काय मी लिहिलाय होय? फौंड्रीला 'द लिसनर सपोर्ट्स नो सर्व्हिसेस' येतंय.

जुना_डीबीए: हेच ते. डेटाबेस आपणहून १५२१ लाच जाऊन नाव सांगतो. डेटाबेसच्या लोकल_लिसनर या सेटिंगला १५२२ चा पत्ता दे, मग 'ऑल्टर सिस्टिम रजिस्टर'.

पुलाची_शिरोली: एवढं कशाला? लिसनर डॉट ओरा या लिसनरच्या सेटिंग फाइलमध्ये सिड_लिस्ट_फौंड्री (डेटाबेसची यादी) लिही, रिलोड मार, विषय संपला.

जुना_डीबीए: मग स्टेटस 'अननोन' दाखवतं. डेटाबेस बंद पडला तरी लिसनर यादीत सर्व्हिस दाखवतच राहतो.

पुलाची_शिरोली: आमचं तसंच चाललंय, कुणी मेलं नाही.

शिरोलीचा_पोऱ्या: लोकल_लिसनर दिला. आता डिस्पॅचवाले बोंब मारतायत, चलन निघंना!

जुना_डीबीए: थांब. मशीनवर डेटाबेस दोन आहेत? हे आत्ता कळतंय. कमांड मारण्याआधी ओरॅकल_सिड (कमांड कुठल्या डेटाबेसला जाणार ते ठरवणारं नाव) बघितलास? जुन्यातच मारलास काय?

शिरोलीचा_पोऱ्या: …व्हय.

जुना_डीबीए: जुन्याला १५२१ चा पत्ता परत दे, रजिस्टर मार. मग सिड बदल, नव्यात जा आणि तिथं १५२२ दे.

रंकाळाकाठी: शिरोलीत चांगला यूपीएसवाला कुणाच्या ओळखीचा आहे का?

शिरोलीचा_पोऱ्या: चलन सुरू. फौंड्रीला 'रेडी' आलं, ॲपपण जोडलं. मालक म्हणतायत, दोन ओळींसाठी दिवस घातलास व्हय?