कंपनीतून विद्यापीठात, ११ वर्षांनी: सल्ला हवा आहे

काचनळी: नमस्कार. रसायनशास्त्रात पीएचडी झाल्यावर लगेच औषध कंपनीत लागले, प्रोसेस केमिस्ट्रीत, म्हणजे प्रयोगशाळेत बनलेलं औषध मोठ्या प्रमाणावर बनवायच्या कामात. आता शिकवायची आणि स्वतःची प्रयोगशाळा उभारायची फार इच्छा आहे. असिस्टंट प्रोफेसरच्या जागेचा अर्ज भरायला घेतला आणि शोधनिबंधांच्या रकान्यापाशीच अडले. माझे तीन निबंध, तिन्ही पीएचडीच्या काळातले. पुढचं सगळं काम कंपनीच्या वह्यांमध्ये राहिलं. चार पेटंटवर नाव आहे, तेवढंच. मध्ये बाळंतपणामुळे दीड वर्ष घरी होते. वय ४२. कुणी हे केलंय का? सुरुवात कुठून करू?

चंचुपात्र: मी केलंय, नऊ वर्षांच्या नोकरीनंतर. ताई, ती पेटंटं अर्जाच्या शेवटच्या पानावर टाकू नका. पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी जाहीर होतो. जे जाहीर झालं त्यावर चर्चा करता येते, फक्त बाकीच्या तपशिलाबद्दल आपला करार नीट वाचा. मी प्रत्येक पेटंटखाली तीन ओळी लिहिल्या होत्या: अडचण काय होती, मी स्वतः काय केलं, आणि कोणता प्रश्न सुटायचा राहिला. मुलाखतीत सगळी चर्चा तिसऱ्या ओळीवर झाली. कंपनीत माल नीट निघाला की फाईल बंद होते, 'असं का झालं' हे शोधायला कुणाला वेळ नसतो. तुमचं संशोधन तिथूनच सुरू होऊ शकतं.

आणि फळ्यासमोरच्या मुलाखतीची तयारी आधीपासून करा. स्लाइड नसतात, हातात नुसता खडू. मी सवयीनं 'आम्ही हे केलं, आम्ही ते केलं' म्हणत होते. एका ज्येष्ठ बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, "यातलं तुमचं काय?" मला पटकन सांगता आलं नाही. ती जागा गेली. पुढच्या वेळी घरी मोठ्यानं 'मी' म्हणायचा सराव करून गेले.

मंदआच: चंचुपात्र यांना अनुमोदन. भर एवढीच, की राजीनामा आधी देऊ नका. परवानगी काढून एक सत्र पाहुण्या व्याख्यात्या म्हणून शिकवा, जमलं तर एखाद्या विद्यार्थ्याच्या सहमार्गदर्शक व्हा. शिफारसपत्रांपैकी एक तरी विद्यापीठातल्या माणसाचं लागतं आणि ते असंच मिळतं. पगार बराच उतरेल, घरी आधीच बोलून ठेवा.

दुसरीपाळी: त्या दीड वर्षाचं कारण अर्जात सरळ लिहा. अनुदानाच्या नियमांतही त्याला जागा असते. युरोपियन रिसर्च कौन्सिल ही अनुदान देणारी संस्था पीएचडीनंतरची पात्रतेची वर्षं मोजताना आईला दर मुलामागे १८ महिने सोडून देते. वयाचं म्हणाल तर भौतिकशास्त्रज्ञ शर्ली अॅन जॅक्सन १९७६ पासून बेल लॅब्ज या कंपनीच्या प्रयोगशाळेत होत्या, १९९१ मध्ये रटगर्स विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. जन्म १९४६चा, हिशोब करा. गर्ट्रूड एलियन यांची तर पीएचडीही पूर्ण झाली नव्हती. औषध कंपनीतून १९८३ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या ड्यूक विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांना संशोधनात मार्गदर्शन करायच्या. नोबेल १९८८चं, कंपनीतल्या कामासाठी.

काचनळी: सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या पेटंटच्या तीन ओळी आत्ताच लिहून काढल्या. तिसरी अशी झाली आहे: 'फ्लास्कमध्ये एकसारखे येणारे स्फटिक मोठ्या रिअॅक्टरमध्ये बारीक का येतात? ढवळण्याचा वेग बदलून मी उपाय काढला, कारण सापडलेलं नाही.' चंचुपात्र, एवढं पुरेल का?