आजीच्या वहीतली चवली: दोन आणे की चार आणे?

तिवंध्याचा वाणी

नाशिकला पंचवटीत माझं किराणा दुकान आहे. तिवंध्यातला आमचा जुना वाडा पाडायला काढलाय, म्हणून गेल्या महिन्यात माळा रिकामा केला. पत्र्याच्या डब्यात आजीची खर्चाची वही सापडली, १९५३ ची. आजी चौथी शिकलेली. अक्षर मोत्यासारखं, आणि हिशोबाला इतकी कडक की दुधवाला तिच्यासमोर दोनदा मोजायचा. त्याच डब्यात चार नाणीपण होती, तीन गोल आणि एक चौकोनी.

आता अडचण सांगतो. वहीचं पहिलंच पान असं आहे: तेल १ अधेली, रॉकेल १ पावली, साबण १ चवली, मिरची-कोथिंबीर १ आणा. एकूण आणे १५.

अधेली म्हणजे आठ आणे, पावली म्हणजे चार आणे, इथपर्यंत मला ठाऊक. चवली म्हणजे चौ, चार, म्हणून तेही चारच आणे धरले. बेरीज झाली सतरा, म्हणजे रुपया आणि वर एक आणा. आजी म्हणते पंधरा. वाटलं, एखाद्या पानावर चुकली असेल. पुढे जिथे जिथे चवली येते, तिथे तिथे बेरीज दोन-दोन आण्यांनी कमी. सोळा पानं तपासली. घरात विचारलं तर बायको म्हणाली, "आजींची बेरीज चुकली की तुमची?" दुकानदाराला हे ऐकून घ्यावं लागतं.

मग चवली म्हणजे नक्की किती? आणि दुसरा प्रश्न, हा मला जास्त छळतोय. चार आण्याचं नाणं कधीच बंद झालं, पण माझ्या गल्ल्यावर आजही म्हातारी माणसं "चार आणे सोड की रे" म्हणतात. परवा तर विशीतला पोरगा कशाबद्दल तरी मित्राला म्हणाला, "चाराण्याची अक्कल नाही तुला." त्याने चार आणे हातात धरलेले नसणार. मग चार आणे राहिले, आठ आणे राहिले, बारा आणे राहिले, आणि चवली कुठे गेली?

वहीच्या समासात जागोजागी उभ्या-आडव्या रेघोट्यापण आहेत. त्या वडिलांनी लहानपणी मारल्या असाव्यात, सोडून द्या.

जुना कंडक्टर

चवली म्हणजे दोन आणे. आजींचा हिशोब बरोबर आहे, जाऊन वहिनींची माफी मागा.

डब्यातलं चौकोनी नाणं, कोपरे गोलसर आणि त्यावर बैल असेल तर बहुधा तीच चवली. माझ्या मते चौकोनी म्हणूनच तिला चवली म्हणत असावेत.

मी देवळाली गावचा, जन्म १९५१ चा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी शाळेत नुकताच गेलो होतो. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. आता बघा, एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून तक्त्यात एक आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीनला १९ आणि चारला २५ असं लिहून आलं. हा तक्ता आमच्या वाण्याच्या दुकानात दाराला चिकटवलेला होता. मोठ्या भावाने लगेच शोध लावला. आईने चार आण्यांचं काही आणायला सांगितलं की तो एक-एक आण्याचं चार वेळा घ्यायचा. सहा चोक चोवीस. एकदम घेतलं तर पंचवीस. वरचा एक पैसा खिशात. वाण्याला कळलं त्या दिवशी कान धरून घरी आणून सोडला त्याला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. चार आणे पंचवीसात चपखल बसले, आठ आणे पन्नासात, बारा आणे पंचाहत्तरात. बारा आण्याचं नाणं तर कधी नव्हतंच, तरी शब्द टिकला. चवली बसली साडेबारात. साडेबारा पैशाचं नाणं कुठून आणणार? तिला घरच उरलं नाही.

पुढे मी एसटीत १९७४ पासून २००९ पर्यंत. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे "बाकी ४ आणे" लिहून द्यायचो. ट्रेमध्ये पंचवीस पैसेच असायचे, पण तिकिटावर २५ पैसे असं मी एकदाही लिहिलं नाही. चार आणे लिहायला सोपं पडतं, गाडीपण हलत असते.

तिवंध्याचा वाणी

काका, माफी मागितली. चहा मिळाला, पण कमी साखरेचा.

नाणं काढून पाहिलं. चौकोनीच आहे, बैल आहे. गोल तिन्हींवर ओंब्या आहेत. मुलाने फ्रिजवरचं चुंबक आणून लावलं तर गंमत झाली. गोल तिन्ही टपकन चिकटली, चौकोनी चिकटेना. खोटं तर नाही ना?

अंजनेरीची वाट

खोटं नाही, दादा. पावल्या त्या काळी शुद्ध निकेलच्या होत्या, निकेलला चुंबक ओढतं. दोन आणे तांबं-निकेलच्या मिश्रणाचं, त्याला ओढत नाही. रामकुंडावर दोरीला चुंबक बांधून नाणी काढणाऱ्या पोरांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना विचारा, पाच रुपयाचा जुना जाड ठोकळा चुंबकाला का येत नाही. तोही तांबं-निकेलचाच. हल्लीचे पोलादी रुपये मात्र झुबकेच्या झुबके येतात.

कंडक्टर काका, चौकोनी म्हणून चवली हे मात्र नाही पटत. दोन आण्याचं नाणं १९१७ पर्यंत चांदीचं होतं आणि चांगलं गोल होतं. चौकोनी आलं १९१८ पासून. चवली हे नाव त्याच्या आधीचं आहे.

मी त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत काही महिने जाऊन बसत होते. तिथे एक सवय लागली, नाण्यावर काय लिहिलंय ते आधी वाचायचं. १९५७ चं पंचवीस नये पैसे कधी हातात आलं तर बघा. त्यावर हिंदीत लिहिलंय "रुपये का चौथा भाग". पन्नासवर "रुपये का आधा भाग". लोकांना नवं नाव कळणार नाही म्हणून सरकारने नाण्यावरच समजावून सांगितलं, आणि सांगितलं काय? चौथा भाग म्हणजे पावली, आधा भाग म्हणजे अधेली! जे नाव बंद करायचं तेच फोड करून छापलं. १ जून १९६४ ला "नये" शब्द गळाला, नुसता पैसा राहिला.

एक सांभाळा, अधेली आणि अधेला यांत घोटाळा करू नका. अधेली म्हणजे अर्धा रुपया, अधेला म्हणजे अर्धा पैसा. वहीत पुढे कुठे अधेला आला आणि तुम्ही आठ आणे धरलेत, तर पुन्हा कमी साखरेचा चहा.

आणि हिशोब भागांत मोजायची ही खोड नाशिकला आजची नाही. पांडवलेण्यात दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी वगैरे त्याने तीन हजार काहापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (संघांकडे) ठेवले. एकीकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण. दगडात शब्द आहे "पायून". मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच हसले. काहापण हे नाणं गेलं, क्षत्रप गेले, सातवाहन गेले, आणि भाजीवाली आजही "पाऊण किलो" म्हणते.

कांदा आणि काय

सिन्नरहून. तुमचं सगळं नाण्यांचं चाललंय, आमचं पिकाचं ऐका. सरकारी कागदावर पैसेवारी असते, म्हणजे पूर्ण पीक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे, याचा अंदाज. पन्नास पैशांच्या खाली आली की टंचाईच्या सवलतींचा विचार होतो, म्हणून गाव तिच्याकडे डोळे लावून बसलेलं. पण तलाठ्यासमोर उभा राहून कोणी "पैसेवारी किती लागली" विचारलेलं मी ऐकलं नाही. "आणेवारी किती?" एवढंच. सोळा आणे पीक म्हणजे भरलेलं शिवार, हे वडिलांकडून पोरापर्यंत आलंय. पन्नास पैसे म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, आठ आणे म्हटलं की अर्धं शेत दिसतं.

बाकी नाण्यांचं म्हणाल तर जोगलटेंभी आमच्याकडेच. १९०६ साली तिथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. राजा बदलला तर नाणं वितळवायचंसुद्धा नाही, वरूनच ठोकायचं. काटकसरी माणूस.

सुट्टे नाहीत

चवली-पावली सोडा हो. माझ्याकडे दहाच्या नाण्यांची बरणी भरलीय, कोणी घेत नाही. म्हणे खोटी. नोटांचा छापखाना तर नाशिकरोडला, मग त्यांना विचारून यायचं का?

अंजनेरीची वाट

नाशिकरोडला नोटा छापतात, नाणी नाही. नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला पडतात. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी खूण असेल तर मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं. २०१८ पर्यंत दहाचं नाणं चौदा वेगवेगळ्या नक्ष्यांत आलं होतं आणि चौदाही चालतात, हे रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी स्पष्ट केलंय. बरणी घेऊन वाणीदादांकडे जा.

तिवंध्याचा वाणी

या, या. मला रोज सुट्टे लागतात. फक्त मोजून पिशवीत भरून आणा, आमच्याकडे आजी नाही आता मोजायला.

पेढीवरचा दिवाणजी

मी सराफ बाजारात एका पेढीवर चाळीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिली. आता डोळे साथ देत नाहीत, नातू टाइप करतोय.

वाणीसाहेब, समासातल्या रेघोट्या "सोडून द्या" म्हणालात, तिथे मला राहवलं नाही. त्या तुमच्या वडिलांनी मारलेल्या नाहीत. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन उभ्या म्हणजे अर्धा, तीन उभ्या म्हणजे पाऊण. त्यापुढे आडवी रेघ म्हणजे एक आणा. पहिल्या पानावर पंधरा आणे आहेत ना? समासात तीन उभ्या आणि तीन आडव्या सापडतील. बारा अधिक तीन. आजी आधी समासात मांडायच्या आणि मग अक्षरात उतरवायच्या.

आम्ही १९५७ नंतरही कितीतरी दिवस कच्च्या वहीत रेघाच मारत होतो. पक्क्या वहीत पैसे. मालकांना पैशांत आकडा सांगितला की ते म्हणायचे, "नीट सांग, किती आणे झाले?"

तिवंध्याचा वाणी

दिवाणजी, तुमच्या नातवाला माझ्याकडून एक कॅडबरी. वही घेऊन बसलो. तीन उभ्या, तीन आडव्या. अगदी पहिल्याच पानावर, डाव्या बाजूला.

मग काल रात्री दुकान बंद केल्यावर सगळी वही नव्याने लावली. चवलीला दोन आणे धरून. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती, मध्येच म्हणाली, "सासूबाई मला म्हणायच्या, चवली गेली ते बरं झालं, देवापुढे काय टाकावं हा प्रश्न सुटला, आता पैसाच." म्हणजे चवली गेल्याचं आजीने लक्षात ठेवलं होतं. पावली गेल्याचं बहुधा कधी तिच्या ध्यानीमनीही आलं नसेल, कारण ती मरेपर्यंत पंचवीस पैशाला पावलीच म्हणत होती. २०११ च्या ३० जूनला पंचवीस पैसे बंद झाले, तोवर ती नव्हती. त्या वेळी मी बँकेत गल्ल्यातले गेंड्याच्या छापाचे पंचवीस पैसे मोजून दिले होते. मोजताना माझ्याही तोंडून "चार आणे, आठ आणे, बारा आणे, रुपया" असंच निघत होतं, हे आत्ता लिहिताना आठवलं.

एकूण अठ्ठावन्न पानं. सत्तावन्न जुळली. श्रावणातलं एक पान एका आण्याने हटून बसलंय. तिथे "दूध" या शब्दावर शाईचा डाग आहे, आणि समासात आडवी रेघ एक मारून पुन्हा खोडलेली.