“आप्पांचं सगळं मार्गी लागू दे, मग माझं बघू”

फॅमिली ग्रुप, मंगळवार रात्र

दादा: आजचं अपडेट. आप्पांचं बीपी आटोक्यात आलंय. उजवा हात अजून उचलत नाहीत, पण आपण बोललेलं कळतंय, मान हलवून उत्तर देतात. फिजिओथेरपी उद्यापासून. आज रात्री मी थांबतोय.

ताई: देव पावला. वहिनीचा थायरॉइडचा रिपोर्ट आला का?

दादा: आलाय. टीएसएच १८ (थायरॉइड मंदावला की हा आकडा चढतो). मागच्या वेळी ३ च्या आत होता.

वहिनी: अहो, ते ग्रुपवर कशाला टाकलंत? ताई, काळजीचं काही नाही. आप्पांचं सगळं मार्गी लागू दे, मग माझं बघू.

ताई: वहिनी, “मग” कधी येणार? स्ट्रोकनंतर माणूस सावरायला महिनोन्‌महिने जातात. तोवर तू तग धरायला हवीस ना. फोनवर तुझा आवाज घोगरा येतोय. आप्पांच्या औषधांची यादी तू मला एकाच दिवसात दोनदा विचारलीस, आणि एरवी घरातल्या सगळ्यांच्या फाइली तुला तोंडपाठ असतात. टेन्शननेही असं होतं, मान्य. पण टीएसएच १८ असताना सगळं टेन्शनवर ढकलता येणार नाही. सध्या गोळी कशी घेतेस ते नीट सांग.

वहिनी: खरं सांगू? रात्री तिथे थांबून सकाळी घरी आले की आधी आईंचं बघायचं, मग मुलांची शाळा. गोळी कधी राहूनच जाते. आठवली तर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीबरोबर एकदमच घेते, एका घोटात उरकतं. अंग जड झालंय, केस जातायत, पोट साफ होत नाही. काल आप्पांच्या उशाशी बसल्या बसल्या डोळा लागला, सिस्टरनी हलवून उठवलं. फार अपराधी वाटलं हो.

ताई: अपराधी अजिबात वाटून घेऊ नकोस. आणि टीएसएच का चढला ते यातच आलं. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडची गोळी आतड्यातच धरून ठेवतात, ती रक्तात पुरेशी पोचत नाही. म्हणजे ज्या दिवशी गोळी घेतलीस त्याही दिवशी ती पुरेशी लागू पडली नाही. त्या दोन गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. अ‍ॅसिडिटीच्या बऱ्याच औषधांचंही तेच. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. चहा-कॉफीसुद्धा नाही.

दादा: मग राहिलेल्या दिवसांच्या गोळ्या दोन-दोन घेऊन भरून काढता येतील का?

ताई: नाही रे, मनाने अजिबात नाही. एकदम जास्त गेलं तर छातीत धडधड होते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एखादा दिवस गोळी राहिली तर लगेच काही बिघडत नाही, हे औषध शरीरात बरेच दिवस टिकतं, निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. पण म्हणूनच गाडी हळूहळू घसरते आणि सावरतेही हळूहळू. डॉक्टरांना आत्ता सांगितलंस ते सगळं जसंच्या तसं सांग. नुसता रिपोर्ट दाखवलास तर डोस कमी पडतोय असं समजून ते वाढवतील. तू गोळी नीट घ्यायला लागलीस की तोच वाढीव डोस जास्त होईल. पुन्हा तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी आकडा खरं चित्र दाखवत नाही.

वहिनी: पण सकाळचा तो एक तासच मिळत नाही ना ताई.

ताई: मग रात्री घेता येते का ते डॉक्टरांना विचार. शेवटच्या खाण्यानंतर तीन तास गेलेले असले की झोपताना घेतलेलीही चालते. वेळ मात्र रोज एकच.

आत्या: सूनबाई, मी ही गोळी कितीतरी वर्षं घेतेय. आमचे हे गेले तेव्हा मी गोळीकडे ढुंकून पाहिलं नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, धक्क्याने बसून आहे. धक्का तर होताच. पण अंग गार पडायचं, तोंड सुजलेलं, उन्हाळ्यात मी शाल घेऊन बसायची. तेव्हा ताईच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळी सुरू झाली म्हणून दुःख कमी झालं नाही गं. पण उठून आंघोळ करण्याइतकं त्राण आलं, चार माणसांशी बोलावंसं वाटलं. तू आधी स्वतःची गोळी घे, मग माझ्या भावाची दे.

वहिनी: आत्या, वाचून रडू आलं. हल्ली कशानेही येतं.

ताई: त्यातलं थोडं थायरॉइडचं असेल, थोडं आप्पांचं. आकडा जागेवर आल्यावरही मन असंच राहिलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं, त्यावरही उपचार आहेत. आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: वहिनीला भलतीच गुंगी आली, बोलण्यात गोंधळ झाला, अंग थंड पडलं, तर वाट न बघता तिला थेट इमर्जन्सीत न्यायचं.

मी: ताई, मला एक सांगायचं होतं. माझा थायरॉइड वहिनीच्या उलटा, म्हणजे जास्त काम करणारा. गेल्या महिन्यात कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइड आवरणारी गोळी, सुरू झालीय. कालपासून घसा दुखतोय आणि आज कणकण आहे. हॉस्पिटलच्या एसीमुळे असेल.

ताई: फोन उचल माझा. आत्ता.

ताई: (फोन झाला, तरी सगळ्यांसाठी लिहितेय) ही गोळी चालू असताना ताप किंवा घसादुखी आली तर तो साधा सर्दी-खोकला समजायचा नाही. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घटतात आणि मग साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढची गोळी नाही, आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, आज रात्रीच. दादा, तू तिथेच आहेस, खाली लॅबमध्ये विचार.

दादा: लॅब रात्रभर उघडी आहे. धाकटे, निघालीस की कळव, मी गेटवर येतो.

वहिनी: माझं राहू दे, आधी तिचं बघा.

आत्या: पुन्हा तेच! तिचंही बघायचं आणि तुझंही.

बुधवार सकाळ

मी: पांढऱ्या पेशींचा काउंट नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले घसा साधाच आहे, गोळी चालू ठेव, पण पुन्हा असं झालं तर लगेच ये.

ताई: हुश्श. रात्रभर झोप नव्हती मला.

दादा: आजपासून वहिनीच्या रात्री बंद. सोमवार ते गुरुवार मी, शुक्रवार-शनिवार ताई, रविवारी भाऊजी. सकाळी मुलांचं मी बघतो. तिची डॉक्टरांची वेळ उद्या पाचची घेतलीय, मी सोबत जातोय.

वहिनी: बरं. ताई, एक राहिलं. केस जातायत म्हणून मी मध्ये एक केसांसाठीची गोळी सुरू केली होती. ती चालेल ना?

ताई: तिचा फोटो पाठव. त्यात बायोटिन (केसांच्या गोळ्यांत असतं ते जीवनसत्त्व) असेल तर त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. पुढच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवायची, आणि ही तपासणी केली तेव्हा चालू होती हेही उद्या डॉक्टरांना सांग.

वहिनी: पाठवते.